सायकल आणि रजा



सायकलप्रवासावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. गिरणीच्या फाटकाजवळच्या काळ्या सायकलींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मात्र त्याचे नवल वाटणार नाही.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये परतले. इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असे सुमारे ७१,००० किलोमीटर! त्यांच्या छातीला आमचा नमस्कार. पण हे वाचताना आमचे लक्ष सारखे एकाच आकड्यावर जाई : जवळजवळ साडेचार वर्षे. एवढी रजा कोण देणार?

मग आमच्याच वरोऱ्याचे बाबा आमटे डिसेंबर १९८५ मध्ये 'भारत जोडो' म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बरोबर शंभरावर तरुण, सायकलींवर. पाठीच्या दुखण्यामुळे बाबा गाडीत आडवे पडून, वय एकाहत्तर. आम्ही तेव्हा शाळेत होतो. सायकल कामावर जाण्यापलीकडेही कुठे नेते, हे तेव्हा कळले.

पुढे गिरणीत लागल्यावर आम्ही पाच जणांनी हैदराबादचा बेत केला. पाचशे किलोमीटर. सायकली रोजच्याच, वीसेक किलो वजनाच्या. कॅरिअरला वळकटी, पिशवीत पंप, पाना, सोल्यूशन. अडचण रजेची होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरले, तर दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा तेव्हा मिळे. म्हणजे बारा दिवस. आम्हा चौघांचे ते भरत. पाचवा बदली कामगार. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर घर. त्याचे २४० कधीच भरत नसत. आणि चार दिवस तोंड दाखवले नाही तर नावावर काट.

तरी तो निघाला! रविवारी पहाटे आमच्याबरोबर बुटीबोरी, जाम करीत हिंगणघाटपर्यंत आला. दुपारी भाकरी खाल्ली, आमच्या एका सायकलची चेन नीट करून दिली आणि परत फिरला. थंडीचे दिवस, उत्तरेचा वारा त्याच्या तोंडावर. त्या दिवशी आम्ही पाऊणशे किलोमीटर तोडले, त्याने दीडशे. आणि सोमवारी पहिल्या पाळीला तो फाटकाशी हजर होता.

आम्ही पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल करीत पाचव्या दिवशी हैदराबाद गाठले. निर्मलचा घाट बराचसा हातात सायकल धरूनच काढला, हे कबूल केले पाहिजे. परत येताना सायकली रेल्वेच्या ब्रेकच्या डब्यात टाकल्या. त्या रात्री डब्यात बोलणे प्रवासाचे फारसे झालेच नाही, त्याचेच झाले. बदलीवाल्यांचे दिवस मोजले जावेत, हा आमच्या हातचा पहिला मागणीचा अर्ज गाडीतच पेन्सिलीने लिहिला गेला. तो मान्य व्हायला पुढे किती वर्षे लागली, ते आज सांगत बसत नाही.

कामावर परतलो तेव्हा तो सायकल स्टँडवरच भेटला. अर्जाचे सांगायच्या आधीच त्याने विचारले, "गोदावरीत पानी होतं का गा?"