बोट हर्णैच्या पुढे जाते

‘तुला बोट लागते का रे?’ असं आजच्या मुलाला विचारलं, तर त्याला प्रश्नच कळायचा नाही. त्याला गाडी लागते. आमच्या लहानपणी कोकणातल्या माणसाला बोट लागायची. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली की खांदेरीच्या दीपगृहापर्यंत गप्पा रंगत. मग एकेक जण गप्प होई. कुणी लिंबू हुंगी, कुणी आवळासुपारी चघळी. डेकवर अंथरलेल्या सतरंजीवर आमच्या शेजारी कधी देवरुखचं भटजींचं कुटुंब असे, कधी मालवणचे गिरणीकामगार. उलटी आली की सगळे एकाच कठड्याशी धावत.

अब्बा मुंबईच्या गोदीत कामाला होते. आई आणि आम्ही भावंडं हर्णैजवळ गावी. मे महिन्यात आम्ही मुंबईला जायचो आणि पावसाळ्यासाठी बोट बंद व्हायच्या आत परतायचो. ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही बोटींची नावं तेव्हा घरच्या माणसांसारखी तोंडात असत. आई बोटीवर पाय ठेवताना पुटपुटत काहीतरी पढायची. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं किनाऱ्यावरच्या घराघरांत ती आठवण होती.

हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. भर समुद्रात नांगर टाकी आणि आम्हाला न्यायला पडाव येई. वरून मुलं, ट्रंका, कोंबड्या हातोहात खाली उतरत. पडावात बसलो की मी मान वळवून बोटीकडे पाहत राहायचो. कारण ती पुढे जायची. दाभोळ, जयगड, रत्नागिरी. मला ही गावं माहीत होती ती फक्त नावांनी. आम्ही उतरायचो आणि भाग्यवान लोक पुढे जायचे. अब्बा म्हणायचे, ‘एकदा तुला हर्णैला उतरवणारच नाही. थेट रत्नागिरीपर्यंत नेईन.’

ते राहून गेलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोट बंद झाली. मग कोकण रेल्वे आली. २६ जानेवारी १९९८ रोजी ती देशाला अर्पण झाली, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. रात्री बसलं की सकाळी गावात, ही सोय काही लहान नाही. पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आमच्या गावांचं पुढचं दार समुद्राकडे होतं. आता आपण सगळे मागच्या दारानं गावात येतो.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी ठरवलं, की अब्बांचा शब्द आपणच पुरा करायचा. पाजपंढरीचा माझा एक वर्गमित्र मच्छीमारी करतो. त्याची लाँच दुरुस्तीसाठी दाभोळला जाणार होती. म्हटलं, मला ने. तो हसला. ‘तुला बोट लागेल, कवी!’ 

पहाटे निघालो. उजव्या हाताला सुवर्णदुर्ग, डावीकडे कनकदुर्गावरचं दीपगृह. मग मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. या सगळ्या गावांत मी एस.टी.नं गेलेलो आहे. पण रस्त्यानं ती एकेक करून भेटतात, प्रत्येक गाव वेगळं. समुद्रातून ती एका ओळीत दिसतात, पंगतीला बसल्यासारखी.

आणि लाँचवर मी ऐकत होतो. नाखवा, तांडेल, खलाशी. ‘बंदर आलं’, ‘लंगर सोड’. संमेलनांत मला हमखास विचारतात, ‘तुम्ही मुसलमान असून मराठीत कसं काय लिहिता?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, तरी ते लागतंच. त्या दिवशी मला उत्तर सापडलं. नाखवा हा फारसीतला नाखुदा, खलाशी अरबीतून आलेला, बंदर आणि लंगर फारसी. हे शब्द किती शतकांपूर्वी गलबतांतून या किनाऱ्याला उतरले आणि कोळ्याच्या तोंडी असे बसले, की माझ्या मित्राला ते परके आहेत असं सांगितलं तर तो मलाच वेड्यात काढील. मला तर वाटतं, शेत नांगरणाऱ्या कुणीतरी लंगराला आपल्या सवयीनं नांगर म्हणून टाकलं असेल. कुणी कुणाला विचारलं नाही, की तू इथे कसा काय?

बुरोंडीच्या पुढे मला बोट लागली. मित्रानं न बोलता लिंबू पुढे केलं.

दाभोळच्या खाडीत शिरताना काळ्या दगडाच्या मशिदीचा घुमट दिसला. अंडा मशीद. १६५९च्या सुमाराला ती बांधली गेली. लोक सांगतात, विजापूरची शाहजादी हजला निघाली होती. समुद्रावर चाचेगिरीचं भय म्हणून तिला इथूनच परतावं लागलं, आणि तिनं हजचा पैसा या मशिदीत घातला. मला माझी दादी आठवली. ती मुंबईहून बोटीनं हजला जाऊन आली होती. १९९५ पर्यंत लोक बोटीनं हजला जात. दादी पोहोचली, शाहजादी नाही पोहोचली.

धक्क्यावर चहा घेतला. समोर वाशिष्ठीचं पात्र संथ होतं. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थानात येऊन गेला. तो उतरला चौलला आणि परतीला होर्मुझची वाट धरली ती या दाभोळहून. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे बंदर जाळलं. एवढं पाहिलेलं गाव आज दुपारी झोपलेलं असतं.

पुढचा प्रवास तुकड्यांचा. दाभोळहून धोपावेला फेरीबोट जाते. ही सेवा २००३ साली सुरू झाली. मोटारी, दुचाक्या, आंब्याच्या पेट्या, वऱ्हाडं, सगळं तिच्यात मावतं. पुढे गुहागर, हेदवीवरून तवसाळ. तिथून दुसऱ्या फेरीबोटीनं जयगड. तिथे आता कोळशाची अवाढव्य जहाजं लागतात. वाटेत मालगुंडला केशवसुतांच्या घरी नमस्कार केला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रत्नागिरीला पोहोचलो. एकेकाळी बोट किनाऱ्याला समांतर जायची आणि गावं जोडायची. आता ती खाडी आडवी ओलांडते, रस्ता जोडण्यापुरती. तेही कमी नाही. पण दाभोळच्या मुलाला जयगडच्या मुलाची ओळख व्हायची, ती त्या उभ्या वाटेवर.

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याला समोर समुद्र दिसत होता, पण परतीची बोट नव्हती. मला परतीची गाडी होती. तिकीटही होतं.

रात्री मांडवीच्या धक्क्यावर बसलो. मित्राचा फोन आला, ‘पोहोचलास का?’ म्हटलं, पोहोचलो. ‘बोट लागली नाही ना परत?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘शेवटचा पल्ला रस्त्यानं आलो.’

‘मग काय पोहोचलास!’ तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)