आपले उणे आपण जाणावे



'सामुदायिक कार्य आणि आपले गुणदोष' हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिला. दोषांविषयी मला स्वानुभवावर बोलता येईल. गुणांसाठी मात्र उसनवारी करावी लागणार, आणि ती मी प्रभात फिल्म कंपनीकडून करणार आहे.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ही कंपनी निघाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. कुलकर्णी पैशाची बाजू सांभाळणारे. शांतारामांचा ओढा दिग्दर्शनाकडे, धायबरांचा कॅमेऱ्याकडे, फत्तेलालांचा रंगरेषांकडे, तर दामल्यांचा यंत्रांकडे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढायची वेळ आली, तेव्हा मूकपटात मुरलेल्या या मंडळींना ध्वनीची विद्या नवीन होती. ती दामल्यांनी आपल्याकडे घेतली. पुढे १९३६ साली दामले आणि फत्तेलाल या दोघांनी मिळून 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, आणि १९३७ साली वेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एकाचा कान, दुसऱ्याची नजर. पडद्यावर एकाचे कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे शोधून सापडत नाही.

त्या चित्रपटातला संसार आठवून पाहा. विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा विठ्ठलात रंगलेला, आणि गौरीबाईंची आवली घरात पीठ आहे की नाही याच्या विवंचनेत. ती करवादते, तोंड सोडते. आपण तिला हसतो. पण ती नसती तर त्या पोरांच्या तोंडी घास कोणी घातला असता? तुकोबांचे जे देणे, त्याच्याच पोटात त्यांचे व्यवहारातले उणे आहे. आणि आवलीच्या कजागपणाच्या पोटात तिची माया. माणसाचा दोष पुष्कळदा त्याच्या गुणाचीच दुसरी बाजू असतो. म्हणून तर तो स्वतःला दिसत नाही.

आता माझी गोष्ट. आमच्या गावच्या वाचनालयाचा मी काही वर्षे चिटणीस होतो. पेशाने शिक्षक, त्यामुळे लेखन नेटके, हिशेब वेळेवर, आणि दुसऱ्याची चूक डोळ्याला चटकन खुपणारी. खजिनदार एक वयस्कर दुकानदार होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. बोलणे संथ, अक्षर वाकडे. एका वार्षिक सभेत, सर्वांच्या देखत, मी त्यांच्या हिशेबाच्या वहीत लाल शाईने शुद्धलेखन दुरुस्त केले. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटीची किल्ली माझ्या घरी पोचती झाली.

मला वाटले, बरे झाले, आता काम झपाट्याने होईल. झालेही. पत्रे वेळेवर गेली, वह्या लखलखीत झाल्या, आणि वर्गणी निम्म्यावर आली! शोध घेतला तेव्हा कळले की, अण्णा दर महिन्याला घरोघरच्या ओट्यावर बसत, मुलीचे लग्न कुठवर आले ते विचारत, आणि उठताना सहज वर्गणी मागत. मला पन्नास जणांना पत्रे लिहिता येत होती. एका ओट्यावर पाव तास बसता येत नव्हते.

मी अण्णांकडे गेलो. जाताना पाय जड झाले होते, हे कबूल करतो. माझे ऐकून घेऊन ते म्हणाले, "मास्तर, अहवाल तुम्हीच लिहा. वर्गणीला मी जातो. पण माझ्या वहीत लाल शाई नको."

पुढची सहा वर्षे ते वाचनालय आम्ही दोघांनी चालवले.

मित्रहो, 'माझा स्वभावच असा' म्हणून पुष्कळजण मोकळे होतात. एकट्याच्या घरात ते चालेल. चार जणांच्या कामात आपल्या स्वभावाची किंमत दुसरा मोजत असतो. आपले उणे मोकळेपणी सांगितले, तर ते भरून काढायला कोणीतरी पुढे येतो; झाकले, तर सगळ्यांनाच त्याला वळसा घालून चालावे लागते.

आणि जमलेला मेळही कायमचा नसतो. १९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले, १९४५ साली दामले वारले, आणि पुढे कंपनीही मिटली. पुण्यातल्या त्या आवारात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे. म्हणजे मेळ आहे तोवरच त्याची कदर करायला हवी.

तेव्हा एक विनंती करून मी आपली रजा घेतो. ज्यांच्याबरोबर आपण काम करता, त्यांच्यापैकी एकाला उद्या विचारा, "माझ्यामुळे तुमचे कुठे अडते?" उत्तर झोंबेल. त्या दिवशी प्रत्युत्तर देऊ नका. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते पुन्हा आठवा. मी हा प्रश्न फार उशिरा विचारला. आपण तेवढा उशीर करू नये.