डॉक्टर आणि वकील



आपल्या वस्तीतील मुलगा अभ्यासात हुशार निघाला की आईबाप म्हणतात, याला डॉक्टर करू. वकील करू असे म्हणणारे थोडे. डॉक्टर प्राण वाचवितो, वकील भांडणावर जगतो, अशी समजूत आहे. मी स्वतः वकील असल्याने माझे मत पक्षपाती ठरेल. म्हणून दोन घडलेल्या गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली काठेवाडातील. पूज्य बाबासाहेबांनी ती आपल्या लिखाणात नोंदविली आहे. १९२९ साली एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकीना. गावच्या नगरशेटाने दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा रोग्याला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या व नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टराने न्युमोनिया सांगितला, औषध पाठविले आणि पुन्हा येण्यास नकार दिला. ती बाई मेली. औषध होते, विद्या होती, फीही मिळाली होती. नव्हता तो तिचा हक्क. अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे किंवा सेवा नाकारणे हा देशभर गुन्हा ठरला तो १९५५ च्या कायद्याच्या ५ व ६ या कलमांनी.

दुसरी महाडची. २० मार्च १९२७ रोजी आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपण जाणताच. पुढचे फार थोड्यांना ठाऊक असते. १२ डिसेंबरला स्पृश्यांनी बाबासाहेबांवर व इतरांवर दावा लावला. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. त्याच महिन्यात परिषदेला हजारो लोक जमले असूनही बाबासाहेबांनी त्यांना तळ्याचे पाणी घेण्यास नेले नाही. कोर्टाचा हुकूम मानला. महाडचे कोर्ट, ठाण्याचे अपील, मग मुंबई हायकोर्ट अशी पायरी पायरीने लढाई चालली. १७ मार्च १९३७ रोजी अखेरचा निकाल आपल्या बाजूने लागला. अस्पृश्यांना वगळण्याचा रिवाज अनादिकाळापासूनचा आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्यावरच तो लागला. तो रिवाज अन्याय्य आहे की नाही, हे ठरविण्याची कोर्टाला गरजच पडली नाही. मला याची रुखरुख वाटते. पण पुराव्याच्या मुद्द्यावर जिंकलेला दावाही पाणी मिळवून देतोच. घाण पाण्याने आजारी पडलेल्या एकाला डॉक्टर बरे करील. तळे खुले झाले की साऱ्या वस्तीला स्वच्छ पाणी मिळते.

मात्र सव्वानऊ वर्षे लागली, हेही विसरू नका. वादींच्या बाजूनेही वकीलच उभे होते. धंदा तोच, तो कोणासाठी करावयाचा हे माणूस ठरवितो.

आता आपल्या घरची गोष्ट. १९५६ मध्ये धर्मांतर झाले, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील धर्माच्या अटीमुळे बौद्धांच्या केंद्राकडील सवलती गेल्या. १९९० च्या दुरुस्तीने त्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द आला. मधली चौतीस वर्षे! एका शब्दाने किती घरांतील मुलांच्या नोकऱ्या अडविल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

म्हणून धर्म 'बौद्ध' असा निःशंकपणे लिहा, पण मूळ जातीचा पुरावा फेकू नका. आजोबा-पणजोबांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला घरी असेल तर तो जपा. जातीच्या दाखल्याच्या वेळी तोच विचारला जातो. आणि वकिलाच्या फीला घाबरून हक्क सोडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमाखाली अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तेथे साध्या कागदावर अर्ज द्यावा.