मानसशास्त्र हा विषय घेताना

(तळेगाव ढमढेरे येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



'बारावीनंतर काय?' असा विषय चिटणीस साहेबांनी मला दिला होता. परंतु सगळ्याच वाटांविषयी बोलू गेलो तर एकही वाट नीट दाखवून होणार नाही. म्हणून जो विषय मी अनेक वर्षे शिकवला, त्या मानसशास्त्राच्या बी. ए. पदवीपुरतेच आज बोलेन.

या विषयाबद्दल दोन समज सर्वत्र आढळतात. एक, हा वेड्यांचा विषय आहे. दुसरा, हा शिकला की समोरच्याच्या मनातले ओळखता येते. दोन्ही खोटे आहेत. तिसरा एक समज खास विद्यार्थ्यांचा आहे. तो म्हणजे कला शाखा घेतली की गणित सुटले! अशांना मी आधीच सावध करतो. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध ही सर्व आकडेमोड येथे करावी लागते. मात्र ती शिकवली तर कोणालाही येते, हेही तितकेच खरे.

मानसशास्त्र हे प्रयोगाचे शास्त्र आहे. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने 1916 साली या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. पुणे विद्यापीठातला विभाग प्रा. कोठुरकर यांनी उभा केला, आणि त्याचे मूळचे नावच 'प्रायोगिक मानसशास्त्र विभाग' असे होते. तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिकांची वही घेऊन बसावे लागते यात नवल नाही.

ही प्रात्यक्षिके कशी असतात ते एका उदाहरणाने सांगतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 साली स्मृतीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ करायला त्याने अर्थ नसलेली अक्षरे घेतली. कारण अर्थ आला की जुनी ओळख आली, आणि मग नवे किती लक्षात राहिले हे मोजता येत नाही. प्रयोग त्याने स्वतःवरच केले. पाठ केलेल्यातले पुष्कळसे पहिल्या काही तासांतच निसटते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्याने दाखवून दिले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता समजा, आपल्या महाविद्यालयात हाच प्रयोग चालू आहे. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला आम्ही 'प्रयुक्त' म्हणतो. प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने निरर्थक अक्षरांची यादी केली आणि तीत 'शब' असे एक जोडले. मराठी घरातल्या मुलाला त्यात काही अर्थ लागणार नाही. पण प्रयुक्त म्हणून आपल्या घरातली मुलगी बसली असेल तर? 'शब' म्हणजे रात्र. शब-ए-बरात तिला लहानपणापासून ठाऊक आहे. ते अक्षर तिच्या चटकन लक्षात राहील आणि वहीत नोंद होईल की हिची स्मृती चांगली! हीच गोष्ट उलटही होऊ शकते. घरी दखनी बोलणाऱ्या मुलाला मराठी पुस्तकी शब्दांत प्रश्न घातला आणि तो गप्प राहिला, तर वहीत 'मंद' अशी नोंद होते. पहिली चूक हसण्यावारी नेता येईल. दुसरीने एका मुलाची शाळा सुटते.

ही केवळ माझी कल्पना नाही. बुद्धिमापनाचा इतिहासच असा आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमों यांच्या साहाय्याने 1905 साली पहिली कसोटी तयार केली, ती कोणत्या मुलांना वेगळ्या शिकवणीची गरज आहे हे ओळखण्यासाठी. मुलांवर शिक्का मारणे हा तिचा हेतू नव्हता. 1916 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टर्मन यांनी ती आपल्या मुलांसाठी बदलून घेतली. मग आपल्याकडच्या मुलांचे काय? या प्रश्नाला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी हात घातला. कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी ती कसोटी नव्याने बसवली आणि 1934 साली ते काम प्रसिद्ध केले. 'बिने-कामत कसोटी' या नावाने ती पुढे कित्येक वर्षे देशभर वापरली गेली. अशा कामात नुसते भाषांतर पुरत नाही. परदेशी मुलाच्या ओळखीची वस्तू आपल्या मुलाने पाहिलेलीच नसेल, तर प्रश्न बदलावा लागतो. कोणत्या वयाच्या किती मुलांना तो सुटतो हे पुन्हा मोजावे लागते, आणि मगच गुण ठरतात. मला विचाराल तर या विषयात आपल्या भाषेने केलेले हे सर्वांत मोलाचे काम होय. घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी असे काम अजून पुष्कळ व्हायला हवे. ते करायला त्या घरांतूनच कोणीतरी शिकून यावे लागेल.

आता जरा नाजूक गोष्टीकडे वळतो, आणि ती पालकांसाठी आहे. घरात कोणी रात्र-रात्र झोपत नाही, एकटेच बोलते, किंवा बाळंतपणानंतर एखादी सून मुलाकडे पाहतही नाही. अशा वेळी आपण प्रथम कोठे जातो? कोणी दर्ग्यात, कोणी देवस्थानात, कोणी अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. दुआ करू नका असे कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही. पण 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे जे घडले ते ऐका. दर्ग्याच्या परिसरात खाजगी लोकांनी चालवलेल्या निवासात आग लागली आणि पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. त्यांना साखळदंडाने बांधलेले होते, त्यामुळे पळता आले नाही. याउलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून 'दवा आणि दुआ' असा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याचे मुजावर आणि डॉक्टर यांनी एकमेकांना सहकार्य केले, आणि दुआसाठी आलेल्या माणसाला औषधही मिळू लागले. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. 2022 पासून सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक 14416. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आपण घरी लिहून ठेवावा.

बी. ए.च्या अभ्यासक्रमात अपसामान्य मानसशास्त्र नावाचा भाग असतो. तो शिकलेली मुलगी घरात असली तर भानामती आणि आजार यांतला फरक निदान एका माणसाला तरी कळतो, आणि उपचाराआधी वाया जाणारी वर्षे वाचतात. पण येथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. बी. ए. झाले म्हणजे उपचार करण्याचा अधिकार मिळाला असे नव्हे. औषधे लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ आधी एम. बी. बी. एस. असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर मान्यताप्राप्त प्रशिक्षण घ्यावे लागते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याने चालते. म्हणजे वाट लांबची आहे आणि खर्चाचीही. सहा महिन्यांचा कोर्स करून 'समुपदेशक' अशी पाटी लावणाऱ्यांपासून दूर राहा, आणि स्वतः ती पाटी लावू नका.

मग पोटापाण्याचे काय? एम. ए. आणि बी. एड. करून कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवता येतो, कारण अकरावी-बारावीला तो आहे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेता येते. विशेष मुलांच्या शाळांसाठी वेगळे प्रशिक्षण आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. शिवाय आपल्या उंबरठ्यावर सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने उभे आहेत. पाळीची कामे, अपुरी झोप, अपघात, परगावाहून आलेल्या कामगारांचे एकटेपण हा सर्व औद्योगिक मानसशास्त्राचाच मामला. तेथील कर्मचारी विभागात जायचे तर पदवीला व्यवस्थापनाच्या शिक्षणाची जोड मात्र लागेल.

मुलींच्या पालकांचा प्रश्न मला ठाऊक आहे. हा विषय जवळच्या महाविद्यालयात नसेल तर शिक्रापूरहून नगर रस्त्याने रोज पुण्याला जायचे का? माझे म्हणणे असे की, दोघी-तिघींनी मिळून प्रवेश घ्यावा आणि बरोबर जावे-यावे. संस्थेने त्यांच्या एस. टी.च्या पासाचा भार उचलला तर वर्षाकाठी काही फार मोठी रक्कम होणार नाही. कार्यकारिणीने याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

भाषेची भीती बाळगू नका. बी. ए.ची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. मात्र प्रत्येक संज्ञा पहिल्या वर्षापासून मराठी आणि इंग्रजी अशी दोन्हींत पाठ करा, कारण एम. ए.ची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत. आणि प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयात जाऊन प्रयोगशाळा कोठे आहे ते विचारा. नुसती कुलूप लावलेली खोली दाखवली तर ती उघडायला सांगा. आत साधने वापरात आहेत का, गेल्या वर्षीच्या मुलांच्या प्रात्यक्षिकांच्या वह्या आहेत का, ते स्वतः पाहा आणि मगच विषय घ्या.