शाळा निवडली कुठं?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'माहिती तंत्रज्ञान आणि आजचा विद्यार्थी' असा भारदस्त विषय दिला होता. तो मी परस्पर बदलला आहे. दिलेला निबंध सोडून भलताच लिहिल्याबद्दल याच शाळेत मी एकदा वर्गाबाहेर उभी राहिले होते, त्यामुळे शिक्षेची सवय आहे.

विषय बदलायचं कारण आपला व्हॉट्सॲप ग्रुप. मेळाव्याची तयारी चालू असताना एकानं सहज विचारलं, "आपल्यापैकी किती जणांची मुलं मराठी शाळेत आहेत रे?" एरवी कुणी नुसतं सुप्रभात म्हटलं तरी ओळीनं फुलं येतात. या प्रश्नावर दोन दिवस सगळे गप्प. मग उत्तरं आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझं उत्तर होतं, 'अर्धं'. मुलगी इंग्रजी माध्यमात, मुलगा मराठी. हे अर्धं कसं झालं ते आज सांगणार आहे.

सुरुवात माझ्या आईपासून. मागे एकदा मी तिला विचारलं, "आई, माझ्यासाठी हीच शाळा का निवडलीस?" ती म्हणाली, "निवडली कुठं? तू एकटी चालत जाशील एवढी जवळ होती. मधे मोठा रस्ता नव्हता." संपला विषय. वडील एसटीत कंडक्टर, आठवड्यातले निम्मे दिवस मुक्कामी गाडीवर. आई चौथी शिकलेली. तिनं माझा अभ्यास कधी घेतला नाही, कारण पाचवीपासूनचा तो तिला येतच नव्हता. पण संध्याकाळी भाकरी थापताना ती एक प्रश्न न चुकता विचारायची, "आज काय शिकवलं?" आणि 'भूगोल' एवढ्यावर तिचं भागायचं नाही. एकदा मी ऐटीत सांगितलं, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. ती म्हणाली, "मग विहिरीतलं पाणी कसं सांडत नाही?" मला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी मी ते सरांना विचारलं. सर हसले नाहीत. त्यांनी पाण्याची बादली मागवून ती वर्गात गरागरा फिरवून दाखवली. पुढं इंजिनिअरिंगला कळलं, की बादलीचा आणि विहिरीचा तसा संबंध नाही. विहिरीतलं पाणी गुरुत्वाकर्षणानं जागच्या जागी राहतं. पण त्या दिवशी पुढच्या दोन बाकांवरची मुलं भिजली आणि प्रश्न विचारायला हरकत नसते, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आता दुसरा प्रसंग, हा कमी मजेचा. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून ते राज्यात २००० साली सुरू झालं. अकरावी-बारावी मी इंग्रजीतून केली होती, पण ती पेपर लिहिण्यापुरती. तोंडी परीक्षेत मला ओहमचा नियम विचारला. मला तो येत होता. मनात मी म्हणतही होते, विद्युतधारा विभवांतराशी समानुपाती असते. इंग्रजी वाक्य मात्र तोंडातून निघेना. परीक्षकांनी दोन-तीन क्षण वाट पाहिली आणि म्हणाले, "नेक्स्ट."

या एका शब्दानं पुढं वीस वर्षांनी माझ्या मुलीची शाळा ठरवली. तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं. मला वाटत होतं, मी फार शास्त्रशुद्ध निर्णय घेते आहे. २०१९ मध्ये मुलगी पहिलीत जायची होती. पुण्यात आमच्या घरापासून तासाभराच्या टप्प्यातल्या अकरा शाळांची मी एक्सेल शीट केली. फी, बोर्ड, बसचा वेळ, पोहण्याचा तलाव, एका वर्गात मुलं किती. प्रत्येक रकान्याला गुण आणि वजन. ऑफिसातल्या मैत्रिणींनी ती शीट मागून नेली. आज ती उघडून पाहिली, तर शिकवलेलं मुलाला कळेल का, असा रकाना त्यात कुठंच नाही. एका शाळेनं आम्हा दोघांना 'इंटरॅक्शन'ला बोलावलं. आम्ही घरी एकमेकांना प्रश्न विचारून तयारी केली आणि परीक्षा दिल्यासारखे घामाघूम होऊन आलो. शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमात शाळाप्रवेशासाठी मुलाला किंवा पालकांना चाळणी लावायला मनाई आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी बोलले नसते, हेही कबूल करते. प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले.

पहिलीचं वर्ष छान गेलं. मुलगी इंग्रजी कविता हातवारे करून म्हणायची. प्रगतिपुस्तकावर सगळीकडे तारे. घरीही मी तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागले होते. "कम, ईट युवर चपाती." चपातीला इंग्रजी सापडलं नाही म्हणून तेवढी वाचली.

मग २०२० चा मार्च आला. माझी आई आठ दिवसांसाठी पुण्याला आली होती, ती टाळेबंदीत अडकली. जूनमध्ये मुलीची दुसरी सुरू झाली, तीही बैठकीच्या खोलीत. टेबलाच्या एका टोकाला माझं ऑफिस, दुसऱ्या टोकाला तिचा वर्ग, मधे मटार सोलत बसलेली आई. मुलाची शाळा आतून कशी चालते हे त्या वर्षी आपण सगळ्यांनीच पहिल्यांदा ऐकलं.

एक दिवस मुलीनं शेतकऱ्यावरचा धडा न अडखळता वाचला. शिक्षिका म्हणाल्या, "एक्सलंट." आई कौतुकानं म्हणाली, "काय वाचलंस गं एवढं छान? मलाही सांग." मुलगी गोंधळली. मी म्हटलं, "आजीला मराठीत सांग, शेतकऱ्यानं काय केलं." ती म्हणाली, "मम्मा, मीनिंग विचारत नाहीत. फक्त वाचायचं असतं."

मी मीटिंगमध्ये होते. माझा माइक सुरू राहिला होता, हे नंतर कळलं.

त्या रात्री मी तिच्या वह्या काढून बसले. गणितात शाब्दिक उदाहरणं होती. एकीकडे बारा पेन्सिली, दुसऱ्याकडे सात. हाऊ मेनी मोअर? तिनं लिहिलं होतं एकोणीस. तशी सगळीच उदाहरणं. 'मोअर' दिसलं की बेरीज, 'लेफ्ट' दिसलं की वजाबाकी. वाक्य वाचायचंच नाही. मी तिला समजावायला गेले, आवाज चढला, ती रडली. दुसऱ्या दिवशी आईनं भजी तळली आणि मुद्दाम तिच्या ताटात सात, स्वतःच्या ताटात बारा वाढली. "मला तुझ्यापेक्षा किती जास्त आली गं?" मुलगी ताडकन म्हणाली, "पाच! आजी, हे चीटिंग आहे."

म्हणजे गणित येत होतं. मला ओहमचा नियम येत होता, तसंच. मला जे अठराव्या वर्षी एकदा झालं, ते मी तिला सहाव्या वर्षापासून रोज करायला लावलं होतं, वर्षाला दीड लाख रुपये भरून. आणि तिला तर 'नेक्स्ट'सुद्धा कुणी म्हणत नव्हतं, 'एक्सलंट' म्हणत होते.

घरात वाद झाले. मी म्हटलं, शाळा बदलू. नवरा म्हणाला, "मराठीतून शिकलीस म्हणून काय सोसलंस ते तूच मला सांगितलंयस. आता उलटं बोलतेस?" त्याचंही खरं होतं. शेवटी तिची शाळा बदलली नाही. तिच्या मैत्रिणी तिथं होत्या, आणि त्या वर्षात मुलांचं आधीच बरंच काही सुटलं होतं. बदललं ते घर. मी तिच्याशी माझं मोडकंतोडकं लाडकं इंग्रजी बोलणं बंद केलं. इंग्रजी धडा असेल तर निम्माच वाचायचा, पण तो आजीला मराठीत सांगायचा. आई गावी परतल्यावर हे फोनवर सुरू राहिलं. आईचे प्रश्न तेच, विहिरीतल्या पाण्याच्या जातीचे. बालभारतीची मराठी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, तिथून दुसरीचं उतरवून घेतलं. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथं आहेत. ते तिच्याआधी मीच वाचत बसले.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. त्यात कार्यकर्ते घरी जाऊन मुलाला एक साधा कागद वाचायला देतात: काही अक्षरं, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठवर पोचतं ते पाहायचं, बस. तो कागद मराठीतही आहे. मी मुलीला दिला, तर ती शब्दांपाशीच थांबली, काना-मात्रा-वेलांटीत अडकली. पाच मिनिटांचं काम. पण तीन चाचणी परीक्षांच्या ताऱ्यांनी जे मला सांगितलं नव्हतं ते त्या कागदानं सांगितलं. गोष्टीपर्यंत पोचायला आम्हाला आठ महिने लागले. आज ती सातवीत आहे, बरी चालली आहे. गणिताचं उदाहरण सोडवताना अजूनही ती ओठांतल्या ओठांत मराठीत पुटपुटते.

मुलाच्या वेळी, २०२२ मध्ये, शीट केली नाही. घरापासून चालत बारा मिनिटांवर मराठी शाळा आहे, तिथं त्याला घातलं. सोसायटीत एका बाईंनी काळजीनं विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी? नोकरीचं काही..?" मातृभाषेतून शिकवावं असं शिक्षण हक्क कायद्यात आहे, शक्य असेल तिथवर या शब्दांत; २०२० च्या शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. पण आपल्याकडे शाळा कायदे वाचून ठरत नाहीत, शेजारी बघून ठरतात. मीही तशीच ठरवली होती, म्हणून त्या बाईंचा राग आला नाही.

मराठी शाळेत घातलं आणि सगळं सुरळीत झालं, असं मात्र मी सांगणार नाही. त्याच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं होती. पहिले काही महिने तो फळ्यावरचं पानंच्या पानं उतरवून आणायचा आणि त्यातला एक शब्द वाचता यायचा नाही. म्हणजे मुलीचंच दुखणं, मराठीत. मी तावातावानं त्याच्या बाईंना भेटायला गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, प्रत्येकाचं वाचन मी आठवड्यातून एकदाच ऐकू शकते. मूल वाचायला लागतं ते कुणीतरी समोर बसून ऐकतं म्हणून. तुम्ही रोज दहा मिनिटं ऐका. चूक झाली की लगेच दुरुस्त करू नका, वाक्य संपू द्या." वाक्य संपू द्यायचं, हे फार अवघड असतं हो. जीभ दातांखाली धरून बसावं लागतं. पण दिवाळीनंतर तो वाचायला लागला, आणि आता दुकानांच्या पाट्यांपासून औषधांच्या वेष्टनापर्यंत काही सोडत नाही.

उद्या याच्यासमोर कुणी परीक्षक 'नेक्स्ट' म्हणेल का? ती भीती गेलेली नाही. म्हणून रोज रात्री आम्ही एक इंग्रजी गोष्टही वाचतो, आणि तिचा अर्थ विचारतो.

आता आपल्या शाळेविषयी. सकाळी मुख्याध्यापक सरांबरोबर प्राथमिक विभागात फिरले. आपल्या वेळी पहिलीच्या चार तुकड्या होत्या, अ ते ड. मी 'ड'. आता एक आहे. आपण तुकडीतर्फे शाळेला काहीतरी भेट द्यायची म्हणतोय. कुणी प्रवेशद्वार म्हणतंय, कुणी डिजिटल फळा. मी सरांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? ते म्हणाले, गोष्टीची पुस्तकं चालतील. आणि पहिली-दुसरीतल्या मुलांचं वाचन ऐकायला माणसं हवीत. ऐकणारी, शिकवणारी नव्हे.

आईला भेटायला मी महिन्यातून एकदा गावी येतेच. दुसरा शनिवार मी घेतला आहे. गावातच राहणाऱ्यांना बाकीचे शनिवार मोकळे आहेत. बाहेर चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे, तीत नाव आणि शनिवार लिहायचा. पेन आपापलं आणा, सरांचं पेन मघाशीच कुणीतरी खिशात घालून नेलंय.