घाटात गाडी तापली तर



मे महिन्यात कोकणातून परतणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. आत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, टपावर सामान आणि एसी चालू. करूळचा किंवा आंबा घाट लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर येते. इंजिनाला सगळा जोर लावावा लागतो, पण वेग कमी, त्यामुळे रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला. त्याची गरम हवा मागे येते. एरवी शहरात लपून राहिलेला गळका होज किंवा थकलेला वॉटर पंप नेमका इथे दगा देतो.

तापमानाचा काटा वर सरकू लागला की आधी एसी बंद करा. लगेच थांबायला जागा नसेल तर खिडक्या उघडून हीटर पूर्ण चालू करा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. मिळेल त्या पहिल्या मोकळ्या जागी गाडी बाजूला घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा नसतो, लाल दिवा असतो. तो लागल्यावर ‘वर पोचू, मग बघू’ म्हणू नका. अतितापाने ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं, आणि एका होज पाइपावर भागणारं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं.

आता कळकळीने सांगायची गोष्ट. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. त्या झाकणातली स्प्रिंग आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून आतलं कूलंट १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर उसळतं. चेहरा, गळा, हात भाजतात, डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. मदतीला थांबलेला कुणी बाटली पुढे करून ‘ओता पाणी’ म्हणाला, तरी त्याला थांबवा.

वाफ ओसरल्यावर बोनेट उघडून निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वरचा जाड रबरी होज कोमट झाला, दाबल्यावर मऊ लागला, की दाब उतरला समजा. मग जाड कापड धरून झाकण थोडंसं फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, तेव्हाच काढा. पाणीही हळूहळू ओता. गरम हेडवर गार पाणी एकदम गेलं तर तडा जाऊ शकतो.

साधं पाणी अडल्या वेळेपुरतंच. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, म्हणून घरी पोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या.

प्रवासाला निघण्याच्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी दोन रेघांच्या मधे आहे का पाहा. ती वारंवार उतरत असेल तर नुसती भर घालत राहू नका. आधी गळती शोधून घ्या, आणि मगच घाट चढा.