आमच्या गोष्टी कोणाच्या?
(महोत्सवी सभेत झालेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या मंगल प्रसंगी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आम्ही आपला बहुमान समजतो. आम्ही कोणी मोठे ग्रंथकार नव्हे. कादंबरी लिहावी, पदरच्या पैशाने छापावी, पिशवीत घालून घरोघर विकावी आणि उरलेल्या प्रती वाळवीपासून जपाव्या, असा आमचा व्यवसाय. तथापि "तुम्हांला गोष्टी सुचतात तरी कोठून?" हा प्रश्न येथील तरुण मंडळी आम्हांस वारंवार विचारतात. त्याचे उत्तर आज यथामति देतो.

प्रथम पदरच्या पैशाविषयी. पुष्कळांस वाटते की, ज्यास प्रकाशक मिळत नाही तो लेखकच नव्हे. इंग्लंडातील जेन ऑस्टेन या बाईंची हकीकत अशांनी ऐकावी. त्या खेड्यातील एका धर्मोपदेशकाची कन्या. 1797 साली त्यांच्या वडिलांनी मुलीच्या कादंबरीविषयी एका प्रकाशकास पत्र घातले. उलट टपाली नकार आला. 1803 साली दुसरी कादंबरी अवघ्या 10 पौंडांस विकली गेली. घेणाऱ्याने ती छापलीच नाही, आणि पुढे 1816 साली तेवढेच पैसे मोजून ती परत घ्यावी लागली. अखेर 1811 साली बाईंनी नुकसानीची जबाबदारी स्वतः पत्करून एक कादंबरी छापविली. पुस्तकावर त्यांचे नाव नव्हते. "एका स्त्रीने लिहिलेली" एवढेच होते. ती आवृत्ती संपली आणि त्यांस 140 पौंड लाभ झाला.

या बाईंस विषय कोठून मिळाले? आपल्या लेखिका भाचीस त्यांनी असे कळविले होते की, खेड्यातील तीनचार कुटुंबे कादंबरीस पुरेशी आहेत. आमचाही अनुभव हाच. स्फूर्ती ही आकाशातून कोसळणारी वीज नव्हे. ती विहिरीच्या पाण्यासारखी आहे. रोज उपसावे तेव्हा झरा मोकळा राहतो. आम्ही पहाटे एक तास लिहितो. सुचो वा न सुचो, बैठक मोडत नाही. आणि रात्री वाचतो. कारण जो वाचत नाही त्याच्या लेखणीस आपलेच चार शब्द पुन्हा पुन्हा गिरवीत बसावे लागते.

वाचनाचा विषय निघाला म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. तेही इंग्लंडचेच. 1579 साली ते गोव्यास आले. परक्या देशात, परक्या भाषेत ते प्रथम कान देऊन ऐकावयास शिकले; आणि त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राशोल येथे छापून झाले. मध्ये 37 वर्षे गेली! देवनागरी खिळे मिळावे ही त्यांची इच्छा सफळ झाली नाही. म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. लिपीसाठी ग्रंथ अडून राहिला नाही. पुढे 1649 व 1654 साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. मग 1907 साली मंगळुरास हा ग्रंथ पुन्हा छापला गेला तो कशावरून? श्रद्धाळू वाचकांनी हातांनी उतरून घेऊन पिढ्यानपिढ्या जपलेल्या पोथ्यांवरून. छापखान्याने सोडले ते वाचकांनी राखले. तेव्हा वाचक हा लेखकाचा गिऱ्हाईक नव्हे, वारसदार होय.

आता एक कबुली द्यावयाची आहे. शेजारची तीनचार घरे कादंबरीस पुरतात हे खरे. परंतु त्या घरांची दारे आपली नव्हेत, हे आम्हांस उशिरा कळले. आमच्या वाड्यात एक मावशी आहेत. त्यांचे यजमान खलाशी म्हणून बोटीवर गेले ते परतले नाहीत. मावशी दर रविवारी जेवणाच्या वेळी त्यांचे ताट मांडीत. लहानपणी आम्ही ते पाहिले होते. आमच्या पहिल्या कादंबरीत आम्ही ते ताट घातले. नाव बदलले, गाव बदलले, आणि वाटले, भागले. लोकांनी तो प्रसंग फार वाखाणिला.

मावशींस अक्षरओळख नाही. त्यांच्या नातीने ते प्रकरण त्यांस वाचून दाखविले. दुसऱ्या दिवशी मावशींनी आम्हांस बोलावून घेतले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाबा, लिहिलेस छान. पण आता ताट मांडताना मला खिडकी लावून घ्यावी लागते."

बंधुभगिनींनो, त्या एका वाक्याने आम्हांस जे शिकविले ते कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही. प्रकाशक नसल्याने आमच्यावर कोणाचा अंकुश नाही, याचा आम्हांस अभिमान वाटे. परंतु जेथे दुसऱ्याचा अंकुश नसतो, तेथे स्वतःचा दुप्पट असावा लागतो. दुसऱ्या आवृत्तीत आम्ही तो प्रसंग गाळला. पुस्तक त्यामुळे उणे झाले, हे आम्ही जाणतो. तेव्हापासून ज्यांच्या जीवनातून काही घेतले, त्यांस ते प्रकरण छापण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवितो. कोणी हसतात, कोणी चुका काढतात, कोणी नको म्हणतात. नको म्हटले की आम्ही पान फाडतो. आज ही हकीकत येथे सांगितली तीही मावशींस गेल्या रविवारी विचारूनच. त्या म्हणाल्या, "सांग, म्हणजे बाकीचे तरी विचारतील."

तरुण मित्रांनो, आपल्या गावातील वृद्धांच्या मुखी जी बोली आहे, ज्या गोष्टी आहेत, त्या त्यांच्यासवे जाण्यापूर्वी लिहून ठेवा. शुद्ध लिहिता येत नाही म्हणून थांबू नका. पैसा नाही म्हणूनही थांबू नका. वहीस कोणाची परवानगी लागत नाही. छापण्यास मात्र ज्याची गोष्ट त्याची लागते. आणि ज्यांस लिहावयाचे नाही, त्यांनी आठवड्यातून एक दिवस घरी आजीआजोबांस काही तरी मोठ्याने वाचून दाखवावे. लेखक त्या ओट्यावरच तयार होतात.